गंगव्वानं खारीक बंद केली

शिवाजी पेठेत गंगव्वाशी ज्याचं एकदा तरी वाजलं नाही असा माणूस मिळणं मुश्कील होतं. माल चांगला, तोंड वाईट, असं तिच्या दुकानाबद्दल सगळी पेठ म्हणायची. तरीही घरात बाळंतपण निघालं की पहिली पिशवी तिच्याच दुकानाकडं जायची. डिंक, खोबरं, गोडंबी, हाळीव, सुंठ असं सगळं तिथं एका जागी मिळायचं, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे तिची खारीक. लांबट, पिवळसर, दाताखाली घेतली की आधी कडक आणि मग गूळ. ओटी भरायला तीच, डिंकाच्या लाडवाला तीच, आणि तालमीतली पोरं रात्री दुधात भिजत घालून सकाळी मेहनतीनंतर खायची तीही तीच.

गंगव्वा संकेश्वरची. लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातली, वजनकाट्याशेजारी खेळत वाढलेली. लग्न होऊन पेठेत आली तेव्हा सासऱ्यानं दोन महिन्यांत ओळखलं की आपला थोरला, तिचा नवरा सोमशेखर, गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही आणि ही कुणालाही म्हणू शकते. त्यानं गल्ल्यावर सुनेला बसवलं. धाकटा प्रभुलिंग हुशार होता, त्यानं लक्ष्मीपुरीत ठोक मालाचं गोदाम टाकलं. सासरा गेला, दुकान दोघा भावांच्या नावावर राहिलं, पण ते चालवलं गंगव्वानंच.

खारीक कुठनं येते हे तिनं कधी लपवलं नाही. गोणीवर उर्दू अक्षरं असायची. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सक्करची हाय, सिंधमधली. पाकिस्तान. का, तुज्या राधानगरीत पिकती व्हय?" मुंबईतले एक म्हातारे सिंधी शेठ तिला माल धाडायचे. फाळणीआधी त्यांचं घर त्याच मुलखात होतं, आणि तिकडच्या बागवाल्यांची नावं ते नात्यातल्या माणसांसारखी घ्यायचे. यंदा अमक्याच्या बागेत पाऊस शिरला, माल काळा पडलाय, तुला दुसऱ्याचा देतो, असं फोनवर सांगायचे. गंगव्वाला ती नावं पाठ झाली होती. ती माणसं तिनं कधी बघितली नव्हती, बघायची इच्छाही नव्हती. माल बरा निघाला की झालं.

पेठेत तिची मैत्रीण म्हणावी अशी एकच, पलीकडच्या बोळातली बायडाबाई. बायडाबाईला माहेर नव्हतं. तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा तिला लाडू गंगव्वानं करून घातले होते. त्या बाळंतपणातला पोरगा अमरसिंह. तो मोठा होऊन तालमीत गेला, मग फुटबॉल खेळू लागला आणि पुढं मंडळाचा म्होरक्या झाला. दुपारी दोघी बाया दुकानाच्या पायरीवर डिंक निवडत बसायच्या. बोलणं कमी, एकमेकींना सुनावणं जास्त, पण दुपार चुकायची नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं. तालमीतला टीव्ही दिवसभर चालू राहिला. जूनमध्ये गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावातला जवान पडला. तो पोरगा भरती व्हायच्या आधी दोन वर्षं ह्याच तालमीत राहिला होता, अमरसिंहाच्या शेजारी झोपला होता. पेठेतनं ट्रकभर माणसं अंत्यविधीला गेली. अमरसिंह परत आला तो भिजलेला, चिखलानं माखलेला, डोळे लाल. तिसऱ्या दिवशी पोरं घेऊन गंगव्वाच्या दुकानापुढं उभा राहिला.

"गंगाक्का, ही खारीक कुठली?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं खातोयस, तुला म्हाईत न्हाय?"

"उद्यापासनं विकायची न्हाय. हाय तेवढी चौकात आणून दे. जाळायची हाय."

"का?"

"का म्हंजी? आपला माणूस तिकडं मेला आणि तू त्येंचा माल विकतीस?"

गंगव्वानं हातातला काटा खाली ठेवला. "मेला त्येचं मलाबी वाईट वाटतंय. पण ह्या मालाचं पैसं कवाच दिल्यात. जाळलास तर तिकडच्याचं काय जळंल? माजंच की."

"जळू दे. सोसायचं. त्या पोराच्या आईनं सोसलं न्हवं?"

ह्यावर गंगव्वानं काटा पुन्हा उचलला. तिथंच ती थांबली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण थांबणं तिच्या रक्तात नव्हतं.

"त्या आईला घिऊन ये," ती म्हणाली. "ती म्हनली तर मी सोता काडी लावीन. तू कोन लागून गेलास? मी केलेलं लाडू खाऊन तुज्या आईला दूध आलं, त्यावर वाढलायस तू."

मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. अमरसिंहाचं तोंड उतरलं आणि मग दगडासारखं झालं. तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं, शत्रूचा माल विकणाऱ्या दुकानाची पायरी कुणी चढू नये. दुकानाचं नाव लिहायची गरज नव्हती. गिऱ्हाईक तुटलं. खारकेचंच नव्हे, सुंठ-हळकुंडाचंही. दारावर कुणीतरी काळ्या रंगानं 'देशद्रोही' लिहिलं. गंगव्वानं ते रॉकेलनं पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं गेलं, मग तिनं पुसणं सोडलं. सकाळी दुकानाच्या फळ्या काढायची, संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर ताठ बसायची, जाणाऱ्या-येणाऱ्याकडं रोखून बघायची. माणसं रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायला लागली.

बायडाबाईही पलीकडनंच जाऊ लागली. एकदा गंगव्वानं तिला बोळाच्या तोंडाशी गाठलं.

"तू तरी ये की गं."

"पोराच्या इरुद्ध कशी येऊ, गंगे?" बायडाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "आन् तूबी किती ताणायचं ते? दे की चार गोणी, मिटंल."

"तुला मिटवायचं हाय व्हय?" गंगव्वा म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.

त्या आठवड्यात तिला संकेश्वरला जावं लागलं. लेकीसाठी, शांभवीसाठी, स्थळ बघायला भावानं बोलावलं होतं. एक मुक्काम करून ती दुपारी परतली. रिक्षा चौकाजवळ आली आणि तिच्या नाकात वास शिरला. साखर करपल्याचा, गोड आणि कडवट. चौकात घोषणा चालल्या होत्या. माणसांच्या मधनं तिला जाळ दिसला, जाळात तिच्या गोणींची बारदानं दिसली, आणि जाळाशेजारी हात जोडून उभा असलेला सोमशेखर दिसला. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

ती रिक्षातनं उतरली नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, "चल."

सोमशेखर घरी आला तेव्हा हार त्यानं वाटेतच कुठंतरी काढून टाकला होता.

"तुमी माल दिलासा?" गंगव्वानं विचारलं.

"दार फोडलं असतं गं त्येनी. सगळंच गेलं असतं."

"फोडू द्यायचं हुतं. चोर कोन ते तरी सगळ्यास्नी दिसलं असतं. आता चोर घरातच निघाला."

"माणसात राहायचं हाय आपल्याला."

"तुमी ऱ्हावा."

त्यानंतर ती त्याला जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण कामाखेरीज एक शब्द बोलायची नाही. सोमशेखरला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत राग उतरेल. उतरलं नाही.

लढाई संपली. श्रावण आला, गणपती आले, लगीनसराईची बोलणी सुरू झाली, आणि पेठेतल्या बायकांना खारीक लागायला लागली. ओटीत खारीक नाही म्हटल्यावर सासूबाया कुरकुरू लागल्या. तेवढ्यात लक्ष्मीपुरीत प्रभुलिंगाच्या गोदामावर पाटी लागली, 'दुबईची अस्सल खारीक'. भाव दीडपट. पेठ तिथं धावली. पट्टणकोडोलीच्या जत्रेत भंडाऱ्याबरोबर जी खारीक उधळली गेली, तीही बरीचशी त्याच गोदामातली.

गंगव्वानं ती खारीक पहिल्यांदा शेजारणीच्या परातीत बघितली. एक उचलली, मोडली, वास घेतला. तो तिच्या नाकाला ओळखीचा होता. प्रभुलिंगाकडं माल निवडायला जाणारी चिमणाबाई त्याच गल्लीत राहायची. तिला गंगव्वानं नळावर गाठून विचारलं. चिमणाबाई आधी इकडंतिकडं बघून घेऊन म्हणाली, "मला इचारू नगासा. आमी नुसती गोणी बदलतो."

त्याच दिवशी गंगव्वा लक्ष्मीपुरीत गेली. भर बाजारात, हमालांच्या गर्दीतनं, सरळ गोदामात. मागच्या भिंतीशी रिकाम्या बारदानांचा ढीग पडला होता. उर्दू अक्षरं तीच, शिक्काही तोच.

"बसा की वैनी," प्रभुलिंग म्हणाला. "चा सांगतो."

"चा नगं. हे काय हाय?"

प्रभुलिंगानं लपवाछपवी केली नाही. भावजयीपुढं ती चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. "आता सरळ माल मागवायला मुंबईतलं कोण तयार न्हाय, वैनी. पाकिस्तानचं नाव दिसलं की गिऱ्हाईक बिचकतंय. मग माल कराचीवरनं दुबईला जातो, तिथं कागद बदलत्यात, तिथनं मुंबईला येतो. वाटंत दोघातिघांची पोटं भरत्यात. तिकडच्या बागवाल्याला पैलंपेक्षा कमी मिळतंय म्हनं, हितलं गिऱ्हाईक जादा देतंय. पण खूश हाय गिऱ्हाईक."

"आन् माजी जाळलीसा."

"तुमी नाव सांगून विकत हुतासा," प्रभुलिंग शांतपणे म्हणाला. "चूक ती झाली."

"सिंधी शेठ काय करत्यात?"

"त्येनी पेढी बंद केली. पोरगं म्हनलं, दुबईच्या लोकांसंगं आपल्याला जमायचं न्हाय. म्हातारा आता घरीच असतोय."

गंगव्वानं ढिगातलं एक बारदान ओढून काढलं, काखेत मारलं आणि तशीच पेठेत आली. तालमीच्या दारात अमरसिंह फुटबॉलच्या सामन्यांच्या वर्गणीच्या पावत्या फाडत बसला होता. तिनं बारदान त्याच्यापुढं टाकलं.

"वाच."

त्यानं वाचलं नाही, पण ते काय आहे हे बघितल्याबरोबर ओळखलं. आजूबाजूच्या पोरांकडं एकदा नजर टाकली.

"म्हाईत हाय मला," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग? आता का जाळत न्हाईस? गोदाम मोठं हाय. जाळ चांगला हुईल."

"गंगाक्का, लढाई संपली. प्रभुअण्णा आमच्या मंडळाचा सगळा खर्च बघतोय. आन् गोणीवर दुबई लिवलंय न्हवं? लोकास्नी तेवढं बास हाय."

"आन् तुला? तुज्या शेजारी झोपणाऱ्या पोराला बास हाय का?"

अमरसिंह ताडकन उठला. "त्येचं नाव काढायचं न्हाय! पैलंच सांगतोय."

"मी न्हाय काढत. तूच काढलातास, माज्या दारात यिऊन." गंगव्वाचा आवाज आता साऱ्या चौकात ऐकू जात होता. "बंद म्हनलासा न्हवं? मग बंद. ह्या पेठेत माज्या हातनं कुणाला खारीक मिळायची न्हाय. उद्या तुमी म्हनलासा की सुरू कर, तरीबी न्हाय."

पोरं हसली. कुणीतरी शिट्टी मारली. ज्या बाईकडं कुणी जात नव्हतं तिनं विकणार नाही म्हणणं त्यांना गंमतच वाटली.

पण ती खरंच तशी वागली. फळ्यावरचं लिहिणं कधीच पुसलं गेलं, माणसं हळूहळू पायरी चढू लागली, आणि गंगव्वा सगळं द्यायची, खारीक नाही. बाळंतिणीचं सामान घ्यायला आलेली बाई खारीक नाही म्हटल्यावर डिंक-खोबरंही तिथनं कशाला घेईल? ती सगळंच लक्ष्मीपुरीतनं घेऊ लागली. दुकान सुकत गेलं. वर्षभरानं सोमशेखर गुपचूप धाकट्या भावाच्या गोदामात कामाला जायला लागला. गंगव्वानं त्याला डबा करून दिला, कुठं चाललात एवढंही विचारलं नाही.

शांभवीचं लग्न निपाणीत झालं होतं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. गंगव्वानं लाडू केले, डिंक भरपूर, तूप भरपूर, खारकेचा मात्र कण नाही.

"अव्वा," शांभवी म्हणाली, "सासरची माणसं बघायला येणार हायत. खारकंबिगर लाडू केल्यात म्हनल्यावर काय म्हनतील?"

"गोडंबी घातलीया."

"मला हट्ट नगं, लाडू पायजेत. दुसऱ्यांवरचा राग माज्या ताटात कशाला वाढतीस?"

दुसऱ्या दिवशी सोमशेखर गोदामातनं पिशवीभर खारीक घेऊन आला आणि गुमान चुलीजवळ ठेवली. गंगव्वानं पिशवी उचलली आणि दारातनं रस्त्यावर रिकामी केली. म्हशी येऊन खाऊन गेल्या. शांभवी ओसरीवर बाळाला घेऊन बसली होती, तिनं ते सगळं बघितलं. सव्वा महिना व्हायच्या आधीच तिनं नवऱ्याला बोलावून घेतलं. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली नाही.

गंगव्वाला हे लागलं. पण आता बंदी सोडली असती तर पोरीला घालवून ती सोडल्यासारखं झालं असतं, आणि ते तिला जमेना.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात बायडाबाई आली. त्या वर्षी भारताचा संघ पाकिस्तानात खेळायला गेला होता. तिकडचे लोक आपल्या खेळाडूंना टाळ्या देतायत हे तालमीतल्या टीव्हीवर दिसायचं, आणि पोरं तिकडच्या गोलंदाजालाही वा म्हणायची. अमरसिंहाची बायको अनुजा बाळंत झाली होती. बायडाबाई पिशवी घेऊन पायरीवर येऊन बसली, पूर्वी बसायची त्याच जागी.

"नात झाली, गंगे."

"चांगलं झालं."

"आता तुज्या हातचं सामान दे. सगळं सुरू झालंय बग, किरकेटबी. किती दिस धरून बसशील?"

"डिंक देते. खोबरं देते."

"आन् खारीक?"

"न्हाय."

"अगं, माज्या बाळंतपणात तू..."

"तवा तू रस्त्याच्या ह्या बाजूनं येत हुतीस."

बायडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय केलंतं गं तुजं?"

"कायबी न्हाय केलंस," गंगव्वा म्हणाली. "तेच."

बायडाबाई उठली, गुडघ्यावर हात टेकत खाली उतरली. त्याच दिवशी लक्ष्मीपुरीतनं खारीक आली, लाडू झाले. आपल्या नाही म्हणण्यानं कुणाच्या घरचा लाडू अडत नाही हे गंगव्वाला पक्कं कळत होतं.

दोन हजार आठच्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला. पुन्हा चौकात फळा लागला, पुन्हा शत्रूच्या मालाची गोष्ट निघाली. अमरसिंह आता अंगानं सुटला होता, पांढरे कपडे घालायचा, वॉर्डातनं निवडणुकीला उभं राहायची त्याची तयारी चालली होती. कुणीतरी त्याच्या कानात घातलं, गंगव्वानं तर तेव्हापासनं पाकिस्तानची खारीक दुकानात येऊ दिलेली नाही. एका सकाळी तो शाल, नारळ आणि छायाचित्रकार घेऊन दुकानापुढं हजर झाला. मागं पन्नासेक माणसं. त्यांच्यात सोमशेखरही होता, अंगावर धुतलेला सदरा.

"ह्या माउलीनं," अमरसिंह मोठ्यानं बोलू लागला, "दुकान बसलं तरी शत्रूचा माल विकला न्हाय! पेठेला अशा माणसांचा अभिमान हाय!" आणि त्यानं तिच्या खांद्यावर शाल टाकली.

टाळ्या पडल्या. गंगव्वानं टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली. मग शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि पायरीवर ठेवली.

"तिकडचा एक माणूस मला वळखीचा न्हाय," ती म्हणाली. "त्येनी माजं काय घोडं मारलंय? मी बंदी घातली ती तुमच्यावर. ह्या पेठेवर. तुमी माजा माल जाळलासा आन् त्योच माल माज्या दिराकडनं जादा भावानं खाल्लासा, म्हनून. देशाचं काय सांगतासा मला?"

छायाचित्रकारानं सवयीनं एक फोटो काढला, तेव्हा अमरसिंहानं त्याच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"गंगाक्का," तो दात आवळून म्हणाला, "माणसात उभा हाय मी. इज्जत ठेव."

"माजी ठेवलीतीस?"

गर्दी पांगली. कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकलं. सोमशेखर मागं थांबला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर ओरडला, "घ्यायची हुतीस की शाल! सगळं मिटलं असतं! आमास्नीबी माणसात घेतलं असतं!" गंगव्वा गल्ल्यावर जाऊन बसली.

पुढचं फार लांबलं नाही. दुकान दोघा भावांच्या नावावर होतं. प्रभुलिंग म्हणाला, बसलेलं दुकान ठेवून काय करायचं, मोबाईलवाला भाडं देतोय. अमरसिंहानं मध्ये पडून सगळं जुळवलं. सोमशेखरनं सही केली. गंगव्वाला कळलं ते मोबाईलवाल्याचा सुतार मापं घ्यायला आला तेव्हा. तिनं काटा, मापं आणि दोन लुगडी एका पेटीत भरली आणि संकेश्वरची एसटी धरली.

भावानं तिला परसातली खोली दिली. महिन्याभरात ती आठवड्याच्या बाजारात ताडपत्री अंथरून बसू लागली. डिंक, सुंठ, हाळीव. आणि खारीक, दुबईचं नाव लावून येणारी तीच. कुठली म्हणून विचारलं की ती आधीसारखीच खड्या आवाजात सांगायची, "सक्करची. पाकिस्तान." मुंबईवरच्या हल्ल्याला अजून फार दिवस झाले नव्हते. कुणी हातातली खारीक परत टाकून जायचं, कुणी चार शब्द सुनवायचं आणि चाळीस ऐकून घ्यायचं, कुणी खांदे उडवून पिशवी पुढं करायचं. बाजारात दुसऱ्या दोघांकडं दुबईची होती. ती गंगव्वाच्या खारकेपेक्षा जास्त खपायची.

एका बाजाराच्या दिवशी सोमशेखर आला. वाळला होता, दाढी वाढली होती. गिऱ्हाइकांच्या मागं तो बराच वेळ उभा राहिला आणि त्याची पाळी आली तेव्हा ताडपत्रीपुढं उकिडवा बसला.

"किती देऊ?" गंगव्वानं विचारलं.

"घरला चल," तो म्हणाला. "माजं चुकलं. प्रभूकडं बी आता मन लागंना."

मागं उभी असलेली बाई पिशवी हलवत होती. गंगव्वानं काट्यावरची उरलेली खारीक झटकली.

"गिऱ्हाईक थांबल्यात," ती म्हणाली. "घ्यायचं असंल तर घ्या, न्हायतर सरका."

सोमशेखर उठला आणि बाजूला सरकला.